डावे आटे

त्या वर्षीच्या पोळ्याला महाळुंगे पडवळच्या बैलांसाठी मी ज्या पितळी शेंब्या केल्या, त्या सगळ्यांना उलटे आटे पाडले. एखाद-दुसरीला नाही, सगळ्यांना. आणि वर ते मुद्दाम पाडलेत असं गावाला सांगितलं. यातला पहिला भाग चुकला होता हे मी मान्य करतो. दुसऱ्या भागाबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही, आणि या वयात ते बदलेल अशी कुणी आशाही ठेवू नये.

ज्यांच्या दावणीला कधी बैल नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. शेंब्या म्हणजे बैलाच्या शिंगांच्या टोकांवर बसवायच्या पितळी टोप्या. खाली रुंद, वर निमुळत्या, आणि अगदी टोकाला एक गोंडस गाठ. पोळ्याच्या दिवशी झूल, बाशिंग, घुंगरमाळा यांच्यासोबत त्या ट्रंकेतून निघायच्या, शिंगाला चिंधी गुंडाळून वरून ठोकून बसवल्या जायच्या, आणि मिरवणुकीत वाजंत्री सुरू झालं की बैल एक झटका द्यायचा, की शेंबी गर्दीत. तिथे आम्ही पोरं टपलेलीच असायचो. पडलेली शेंबी उचलायची, न पडलेली हळूच पिळून काढायची, आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन भेळ खायची. मी स्वतः या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत. त्यावरून गावात जी भांडणं लागायची ती दसऱ्यापर्यंत पुरायची. आमच्याकडे पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला, म्हणजे पितरं जेवून गेली की लगेच बैल, त्यामुळे भांडायला लोक आधीच भरल्या पोटी असायचे.

यावर उपाय काढला तो आमच्या मामांनी. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कळंबला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला त्यांचं घर होतं. पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये लेथ, मागे दोन खोल्या, आणि मधे एक दार, जे कधी लावलेलं मी पाहिलं नाही. त्यामुळे घरातला फोडणीचा वास लेथवर यायचा आणि लेथवरचा पितळेचा चुरा घरात जायचा. पितळेची कात लोखंडासारखी लांब वेटोळी निघत नाही, ती सुईसारखी बारीक उडते. ती आत्याच्या केसांत असायची, अंथरुणात असायची, एकदा तर खिरीत चमकली. आत्या म्हणायची की आपल्या घरात सोनं सोडून सगळं पिवळं हाय. ती बाजरी आणे पठारावरचीच मागवायची, खालची तिला चिकट लागत नसे. सकाळी तिच्या भाकरीची थाप आणि लेथच्या पट्ट्याचा सांधा पुलीवरून जाताना होणारा टकटक आवाज यांचा एक ताल जमायचा, आणि वीज गेली की नुसती भाकरीच वाजत राहायची. गुरुवारी कुळथाची शेंगोळी. पाहुणे आले की मासवडी. मासवडीच्या गुंडाळीचे ती सुरीने काप करायची तेव्हा मी मोजमाप करून पाहायचो. एकाला एक जुळायचे. मी तिला म्हणालो, आत्या, तू लेथवर ये आणि मी चुलीपुढे बसतो. ती म्हणाली की मग दोन्हीकडचं जळंल.

मी तिथे कसा गेलो, तर बारावीच्या गणितात नापास होऊन. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, हे फार कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी निकाल पाहिला आणि खुरपं माझ्या हातात दिलं. आत्या त्यांची थोरली बहीण. ती मधे पडली. तेव्हा आबांनी अट घातली ती अशी की पोळ्यापर्यंत कळंबला राहायचं. तोवर दाजींनी, म्हणजे मामांनी, याला टर्नर म्हटलं तर ठीक. नाहीतर पोळा झाला की कांद्याचं रोप टाकायला घरी, आणि मग लेथचं नाव काढायचं नाही. मला लेथनं पहिल्याच दिवशी वेड लावलं होतं. एवढं मोठं लोखंडाचं धूड, आणि त्याचं सगळं काम सूतभर टोकाच्या कापणाऱ्या टूलावर चालतं, हे पाहून मी जेवायचं विसरलो होतो. म्हणजे एकदाच विसरलो, पण विसरलो. कांद्याच्या वाफ्यात वाकायला परत जायचं या कल्पनेनं मी रात्री उठून लेथ पुसायचो. पोळा हा सण न राहता माझी परीक्षाच झाली होती, आणि परीक्षेत माझा लौकिक काय होता ते वर आलंच आहे.

तर मामांची युक्ती. प्रत्येक शिंगाच्या टोकावर लाखेनं एक पितळी कडं कायमचं चिकटवायचं, त्याला बाहेरून आटे. शेंबीला आतून आटे. पोळ्याला शेंबी फिरवून बसवायची, दुसऱ्या दिवशी फिरवून काढायची, बाटलीच्या झाकणासारखी. गावातल्या बैलवाल्यांना ते पटलं आणि सगळ्यांनी एकदम कामं दिली. मामा खुशीत पुण्याकडच्या एका भंगारवाल्याकडे गेले आणि एसटीच्या टपावर एक पोतं टाकून परत आले. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचा माल. पोत्यात आटे पाडायच्या गियरांचा पूर्ण संच होता. लीड स्क्रूवर, म्हणजे टूलाच्या गाडीला ओढत नेणाऱ्या लांब आटेदार दांड्यावर, बसणारी घड्याळासारखी एक डायल होती, जिच्या ठरावीक आकड्यावर गाडीचा खटका टाकला की टूल दर फेरीला नेमकं त्याच आट्यात उतरतं. आणि एक अशी वस्तू होती की जिच्याकडे पाहून मामांनी नाक मुरडलं आणि माझं मन तिच्यावर जडलं. ते कॉपी करायचं अटॅचमेंट होतं.

त्याची गंमत अशी. लेथच्या मागच्या बाजूला लोखंडी पट्टीचा एक फर्मा बसवायचा, ज्याच्या कडेला हव्या त्या आकाराचा उतार-चढ कापलेला असतो. टूलाच्या गाडीला एक बोट असतं. ते बोट फर्म्याच्या कडेवरून सरकत जातं आणि इकडे टूल पितळेवर तोच आकार उतरवत जातं. फर्मा एकदा कापला की शंभर शेंब्या सारख्या. मामांचं म्हणणं होतं की हे कारागिराचं काम नव्हे, नक्कल आहे. ते दोन्ही हातांनी दोन मुठी फिरवत नजरेनं आकार काढायचे आणि त्यांचा शब्द असा की बघ, एकीसारखी दुसरी न्हाई. ते याचा अभिमान बाळगायचे. मला वाटायचं की चार शिंगांवर चार तऱ्हेच्या टोप्या असणं ही अभिमानाची गोष्ट कशी असेल. मी तसं बोललोही. मामा म्हणाले की तुला ज्या दिवशी मिसरूड येईल त्या दिवशी बोल. मिसरूड आलं होतं, फक्त त्यांना दिसत नव्हतं.

ते अटॅचमेंट मी बसवलं. मामांच्या नाकावर टिच्चून बसवलं. टूल पुढे-मागे सरकवणाऱ्या आडव्या सरकीचा स्क्रू काढून टाकला, मागे ब्रॅकेट ठोकलं, फर्मा कानशीनं घासून घासून काढला. एकच अडचण राहिली. बोट फर्म्याला कायम चिकटून राहावं म्हणून सरकीला मागे दोरी बांधून, पुलीवरून खाली वजन लोंबकळत ठेवावं लागतं. वजन असं हवं की धड हलकं नाही, धड जड नाही. घरात अशी एकच गोष्ट होती, आत्याचा वरवंटा. मी तो उचलला. बरेच दिवस आत्या वरवंटा शोधत होती आणि मी तिच्याबरोबर मनापासून शोधत होतो. एका सकाळी ती केर काढायला लेथच्या मागे वाकली, तिला दोरीच्या फासात लटकलेला वरवंटा दिसला, आणि तिनं तो सोडवून नेला. लेथ चालू होता. वजन गेलं तसं बोट फर्म्यावरून उडालं, टूल बाहेर आलं, आणि त्या शेंबीला मधेच एक ढेरी आली. ती शेंबी मी फेकली नाही. पोळ्याला आमच्याच हौश्या नावाच्या बैलाला घातली, आणि लोक मला विचारायचे की ही खास नक्षी कुठून काढली. आत्याला मात्र दया आली असावी. संध्याकाळी तिनं परड्यातली जात्याची फुटकी तळी आणून माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, “हे टांग. याच्यावर चटणी वाटत न्हाई कुणी.”

आता उलट्या आट्यांकडे येतो. ते टाळत होतो अशी कुणाची समजूत व्हायला नको.

फर्म्यावरचं बोट उताराला सरसर जायचं, पण चढाला अडकायचं. शेंबी टोकाशी बारीक आणि चकाकडे, म्हणजे तिला धरून फिरवणाऱ्या जबड्याकडे, जाड, म्हणजे टूल टोकाकडून चकाकडे न्यायचं तर बोटाला सगळा चढ. मी विचार केला की गाडी उलटी चालवू, चकाकडून टोकाकडे. लेथच्या डाव्या अंगाला आणखी एक खटका असतो, तो खाली टाकला की लीड स्क्रू उलटा फिरतो. मी तो टाकला. बोट उताराला लागलं, आणि एकामागून एक शेंब्या अशा निघाल्या की त्या शेजारी शेजारी मांडल्या तर कुठली कुठली हे मला सांगता येईना. मामांना दाखवायला नेल्या तर ते पितरं जेवून आले होते. त्या पंधरवड्यात त्यांना रोज कुणाचा ना कुणाचा म्हाळ असायचा. खीर, वडे, आळूच्या वड्या, भोपळ्याची भाजी, कढी. दुपारी परत आले की ते शेडमधल्या बाकावर आडवे व्हायचे आणि पुढचं सगळं काम घोरण्याच्या साथीवर मीच करायचो. त्यांनी एक डोळा उघडून शेंब्या पाहिल्या आणि सगळ्या सारख्याच हायेत की, असं तक्रारीच्या सुरात म्हणून तो मिटला.

मग आतले आटे. शेंबी आतून बंद असते. तिच्यात आटे पाडताना टूल आत आत जातं, आणि तळाला टेकायच्या आत गाडीचा खटका सोडला नाही तर टूल मोडतं. मामांची यात हयात गेली होती. गाडी पुन्हा सरळ करून मी दोन टुलं मोडली. मधे आणखी एका शेंबीचा आकार काढला, आणि तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात आलं की डाव्या अंगाचा खटका अजून खालीच आहे, गाडी उलटी चालते आहे. मग टूल आधीच आत तळाशी नेऊन ठेवलं आणि तिथून बाहेर काढत आणलं तर? ते बाहेर मोकळ्या हवेत येतं. आपटायला काही नाहीच. मी तसं केलं आणि आटे असे स्वच्छ पडले की मला वाटलं, इतक्या वर्षांत हे एकाही माणसाला कसं सुचलं नाही. ते सगळ्यांना सुचलेलं असतं. फक्त त्यांना हेही माहीत असतं की चक सरळ फिरत असताना गाडी उलटी नेली तर आटे डावे पडतात. त्याच आनंदात मी कड्यांचे बाहेरचे आटेही त्याच खटक्यावर पाडले. कडं चकात धरून शेंबी त्याच्यावर लावून पाहायचो तेव्हा डाव्या हातानं चकच फिरवायचो, इकडे फिरवून आटा धरला नाही तर तिकडे. जुळायचं, मी खूश व्हायचो. शेंबी आणि कडं एकमेकांना पूर्ण साजेसे होते. चूक दोघांनी मिळून केली होती, त्यामुळे ती कुणालाच दिसत नव्हती.

आज माझ्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत. कोऱ्या दांड्यावर उजवे हवेत की डावे हे पोरं बटण दाबून सांगतात आणि आतल्या काचेमागे दुधाळ पाण्यात सगळं होऊन जातं. मी त्यांना म्हणतो की बाबांनो, ही चूक करायला तुम्हाला आयुष्यात संधी मिळायची नाही. त्यांना वाटतं म्हातारा आशीर्वाद देतोय.

शिंगांची मापं घेणं हे वेगळंच. कड्यांचे बाहेरचे आटे सारखे, पण आतली भोकं प्रत्येक शिंगाच्या मापाची, कारण शिंगाला फर्मा नसतो. मी सायकलवरून महाळुंग्याला जाऊन दावणीदावणीनं शिंगं मोजली. बैलाला कॅलिपर आवडत नाही. नाना म्हणून आमचे शेजारी होते, तोंडानं तिखट, त्यांच्या खोंडानं मला उकिरड्यात बसवलं. नाना म्हणाले, त्यानं तुझं माप घेतलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामांची पितरं एकदाची संपली आणि ते जागे झाले. चहा पिता पिता त्यांनी एक कडं आणि एक शेंबी उचलली आणि सहज फिरवली. शेंबी धरेना. त्यांनी पुसून पुन्हा लावली. मग बशी खाली ठेवली. मग शेंबी उजेडात धरून आत पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. शेवटी त्यांनी ती उलटीकडे फिरवली आणि ती एखाद्या लोण्यात गेल्यासारखी बसली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून शेडच्या दारापर्यंत मागे सरकलो.

मामांनी सगळ्या शेंब्या पोत्यात भरा म्हणून सांगितलं. वितळायला टाकायच्या. बैलांना जुन्या घालतील. आणि आबांना निरोप पाठवू की पोरगं न्या. हे सगळं ते शांतपणे बोलले, आणि तेच मला झोंबलं. मामा ओरडले असते तर मी रडलो असतो आणि प्रकरण संपलं असतं. पण त्यांनी मला पोत्यातल्या मालाच्याच भावात काढलं. डोळ्यांपुढे कांद्याचे वाफे आले. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

“उलटे न्हाईत मामा. डावे हायेत. मुद्दाम पाडलेत.”

मामा म्हणाले, “मुद्दाम?”

मग मी थांबलोच नाही. म्हटलं, मिरवणुकीत शेंबी चोरणारं पोरगं ती कुठे फिरवतं? सगळं जग जिकडे फिरवून उघडतं तिकडेच. तिकडे फिरवली की ही आवळते. चोर जितका जोर लावील तितकी घट्ट. मी स्वतः चोरल्यात, मला ठाऊक आहे. बोलता बोलता मला ते इतकं पटलं की मी खरंच मुद्दाम केलं होतं अशी माझी खात्री झाली. मामा माझ्याकडे पाहत राहिले, मग आत्याकडे पाहिलं. आत्या दारात पुरणाची डाळ निवडत बसली होती. ती म्हणाली की पितळ वितळायला पोळ्यानंतर बी वितळतंय. मामांनी हात झटकले. तू घाल, तूच काढ, आणि माझं नाव कुणी घेतलं तर तुझी तंगडी लेथच्या चकात धरीन, असं बजावून ते पुन्हा आडवे झाले.

पोळ्याच्या दिवशी बैल ओढ्यावर धुऊन आणले, शिंगांना हिंगूळ लागला, आणि मी लाख वितळवत घराघरानं फिरलो. कडी चिकटवली, शेंब्या बसवल्या. प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली, ‘डावीकडं’. लोक म्हणायचे, बरं. मान हलवायचे. पुरणाच्या दिवशी माणूस कशालाही मान हलवतो. संध्याकाळी ढोल-ताशा सुरू झाला, भंडारा उधळला, आणि सगळ्या गावाच्या बैलांची शिंगं एकसारखी चमकायला लागली. एकसारखी. मला तर दुसरं काही दिसतच नव्हतं. आणि मग पोरं आली. मी चावडीच्या ओट्यावर उभा राहून पाहत होतो. पोरगं हळूच बैलाच्या अंगाला अंग घासतं, हात वर, पिळ, पुन्हा पिळ, तोंड वाकडं, दुसरा बैल. मला माझी सगळी जवानी डोळ्यांपुढे फिरताना दिसत होती. एक पट्ठ्या तर दोन्ही हातांनी लोंबकळला आणि बैलानं त्याला तसाच चार पावलं नेला. मिरवणूक देवळापुढे संपली तेव्हा गावातली एकही शेंबी गेली नव्हती. अशी गोष्ट आजवर झाली नव्हती. मी छाती काढून आबांच्या समोरून दोनदा गेलो. त्यांनी पाहिलं, पण नारळ फोडत होते.

एवढ्यावर पोळा संपला असता तर हे प्रकरण मी फार वेगळं लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक शेंब्या काढायला गेले. चोराचा हात आणि मालकाचा हात एकाच बाजूला फिरतो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आलेली नव्हती. मी डावीकडं सांगितलं होतं ते बसवताना. काढताना उजवीकडं, हे त्यातून आपलं आपण ओळखायचं होतं. पण आदल्या दिवशी मान हलवणाऱ्यांपैकी कुणालाही काही आठवलं नाही. जो तो नेहमीच्या हातानं पिळत गेला. निघेना म्हणून जोर लावला. मग पकड आणली. मग दोघांनी मिळून पकड धरली. मिरवणुकीत पोरांनी आवळल्या होत्या त्या वेगळ्याच. मी उठून तोंड धुईपर्यंत निम्म्या गावाच्या शेंब्या पितळात पितळ चढून अशा बसल्या होत्या की आता उजवीकडे, डावीकडे, कुणीकडेच हलेनात. दुपारी बैल तशाच शिंगांनी शेतात गेले. उन्हात त्या शेंब्या अशा झळकायच्या की नांगरामागच्या माणसाला डोळ्यांवर हात धरून नांगराचं तास काढावं लागे. कुणाचं तास सरळ आलं नाही. दुरून पाहिलं तर सगळं शिवार सणाला निघाल्यासारखं, आणि मागे चालणारी माणसं शिव्या देतायत.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे माणसं जमली. मामा आत्याला घेऊन पोळ्याला आलेले, तेही एका बाजूला बसले, जणू गावात त्यांचं कुणी ओळखीचं नाही असे. आबा खांबाला टेकून. मला मधे उभं केलं. नानांनी सुरुवात केली.

“आबा, तुमच्या पोरानं आमच्या बैलांना कुलपं घातलीत. किल्ली कुठंय तेवढं सांगा.”

लोक हसले. मला तिथेच खाली बघून उभं राहता आलं असतं. चुकलं म्हटलं असतं तर कुणी मारलं नसतं. दोन शब्द बोलले असते, आणि सकाळी माझी वळकटी महाळुंग्यात उलगडली असती. पण मी मामांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि त्यामुळेच मला जोर आला.

मी म्हटलं, “नाना, गेल्या पोळ्याला तुमच्या दोन शेंब्या गेल्या व्हत्या. औंदा एक तरी गेली का?”

“गेली न्हाई म्हंजे काय राव, ती जाईनाच ना.”

“मग आटे बराबर हायेत. तुमचे हात चुकले.”

हसणारे दोन पावलं पुढे सरकले. पोरगं गावाला हात चुकले म्हणतंय, हे त्यांच्या कानांना नवीन होतं. मी म्हटलं, सायकलचं डावं पायडल कुठल्या आट्याचं असतं ते घरी जाऊन बघा. तेही डावंच असतं. ते कुणी उलटं म्हणतं का? मी एकेकाच्या दावणीला येऊन शेंब्या काढून देतो. ज्या निघणार नाहीत त्या राहू द्या, तुमच्या बैलाला शोभतात. पण हे आटे मी पाडलेत, मीच पाडणार, आणि पुढच्या पोळ्यालाही डावेच पाडणार. आत्या तोंडाला पदर लावून बसली होती. ती हसत होती की रडत, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की ठसका लागला व्हता.

मग मामा उठले. त्यांनी धोतराला लागलेली धूळ झटकली आणि आबांसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले की पोळा झाला, तुमची मुदत संपली. पोरगं आगाऊ आहे, आटे उलटे आहेत, माझी दोन टुलं मोडलीत, बायकोचा वरवंटा पळवला. पण एकीसारखी एक शेंबी काढलीय, हे मी पाहिलंय. आता तुमी सांगा, ठेवू का धाडू. सगळं गाव आबांकडे बघत होतं. आबांनी कोपऱ्यात बांधलेल्या हौश्याकडे पाहिलं, त्याच्या ढेरीवाल्या शेंबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतर खांब सोडून सरळ झाले.

“दाजी, न्या त्याला,” आबा म्हणाले. “तुमच्याकडं हाय तवर नुसतं पितळ वाया जाईल. माझ्याकडं आणला तर बैलाचं त्वांड गाडीकडं करून जुपंल.”